तिकिटं चार, माणसं पाच : विश्वचषकाला सहकुटुंब गेलेल्यांनी सल्ला द्यावा

भटकभवानी :
नमस्कार मंडळी. धागा काढू की नको असं महिनाभर चाललं होतं. आज घरात पुन्हा त्याच विषयावरून वाजलं, म्हणून काढतेच.

आम्ही पाच जण. मी, नवरा, १४ वर्षांचा मुलगा (झोपेतही लाथा मारतो), ८ वर्षांची मुलगी (तिच्या मते फुटबॉल म्हणजे दादाला टीव्ही अडवायला मिळालेलं निमित्त) आणि ७२ वर्षांचे सासरे, म्हणजे आमचे अण्णा. अण्णांनी १९८६चा अर्जेंटिना-इंग्लंड सामना टीव्हीवर पाहिला. मॅराडोनाचा तो हाताने घातलेला गोल, आणि चारच मिनिटांनी अर्ध्या मैदानातून एकेकाला चकवत नेलेला दुसरा. तेव्हापासून 'अझ्टेका' (तो सामना झाला ते मेक्सिको सिटीतलं स्टेडियम) हा शब्द अण्णा ज्या सुरात उच्चारतात, त्या सुरात त्यांनी आमच्यापैकी कुणालाही कधी हाक मारलेली नाही.

यंदा, २०२६ला, फुटबॉलचा विश्वचषक अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत आहे. ११ जून ते १९ जुलै, ४८ संघ, १६ शहरं, १०४ सामने. त्यातले पाच अझ्टेकावर. नवऱ्याने गुपचूप सोडतीत नाव टाकलं आणि चक्क दोन सामने लागले! १७ जूनला अझ्टेकावर उझबेकिस्तान-कोलंबिया, आणि २२ जूनला डॅलसला अर्जेंटिना-ऑस्ट्रिया. मुलगा हवेत आहे, कारण मेस्सी. अण्णा काही बोलत नाहीत, नकाशा उघडून बसतात.

गोम अशी की एका सामन्याला जास्तीत जास्त चारच तिकिटं देतात. आम्ही पाच.

तर पाचव्याचं काय करायचं? आणि मुळात एवढा लांबचा प्रवास, म्हातारं माणूस, कंटाळणारं पोर, दोन देश... हे सगळं ९० मिनिटांसाठी करावं का? की अण्णा आणि नातू या दोघांनाच पाठवून बाकीच्यांनी घरी शांत बसावं? ज्यांनी असला उद्योग केलाय त्यांनी लिहा. न केलेल्यांनीही लिहा, तुम्ही ऐकणार थोडेच आहात.

गोलपोस्ट :
आधी व्हिसा. मग अण्णा, मग मेस्सी.

तिकीट म्हणजे व्हिसा नव्हे, हे पाचही जणांच्या डोक्यात पक्कं बसवा. थेट फिफाकडून तिकीट घेतलेल्यांना अमेरिकेच्या व्हिसा मुलाखतीची तारीख लवकर मिळावी म्हणून 'फिफा पास' नावाची सोय केली आहे. तारीख लवकर मिळते, व्हिसा मिळेलच असं नाही. मुलाखतीत नेहमीचेच प्रश्न. एक बरं आहे, अमेरिकेचा वैध व्हिसा पासपोर्टवर असला की मेक्सिकोत फिरायला जायला वेगळा लागत नाही. त्यामुळे एकाच दगडात दोन देश. पण अमेरिकेचा अडला तर अझ्टेकाही गेलं. परत न मिळणारं काहीही त्याआधी आरक्षित करू नका.

उंडगा :
पाचवा राखीव खेळाडू. मध्यंतरात बदली करायची. हाकानाका (हाय काय, नाय काय).

गोलपोस्ट :
@उंडगा, एकदा बाहेर पडलेल्याला पुन्हा आत घेत नाहीत. फुटबॉलमध्ये बदललेला खेळाडू परत येत नाही, तसंच.

उंडगा :
अरेरे. नियम तिथेही आहेत होय.

रेल्वेवेडी :
भवानीताई, जा. अजिबात मागेपुढे पाहू नका. आणि सगळे जा.

२०१८ला आम्ही रशियाला गेलो होतो. मी, हे आणि माझ्या सासूबाई, वय ६८. फुटबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. मुलगा-सून तीन आठवडे जाणार आणि आपण एकट्या राहणार, हे त्यांना मान्य नव्हतं इतकंच.

तेव्हा व्हिसाची भानगड नव्हती. तिकीट घेतलं की गळ्यात अडकवायचा 'फॅन आयडी' मिळायचा, त्यावर देशात प्रवेश. शिवाय यजमान शहरांमधल्या खास रेल्वेगाड्या फुकट! फुकट म्हटल्यावर आमच्या ह्यांनी सगळ्यांत पूर्वेकडचं शहर निवडलं, येकातेरिनबुर्ग. युरल पर्वताच्या पलीकडे, आशियात. मॉस्कोहून एक अख्खा दिवस आणि वर काही तास. चार बर्थचा बंद डबा, टोकाला उकळत्या पाण्याचा समोवार, आणि धातूच्या नक्षीदार होल्डरमधला चहाचा ग्लास. तो ग्लास सासूबाईंना इतका आवडला की डब्याच्या मावशींकडून त्यांनी विकत घेतलाच. (घासाघीसही केली. कुठल्या भाषेत ते विचारू नका.)

चौथ्या बर्थवर पेरूचा एक माणूस. ३६ वर्षांनी त्यांचा संघ विश्वचषकात आला होता आणि हा पठ्ठ्या गाडी विकून आला होता. सासूबाईंना स्पॅनिश येत नाही, त्याला मराठी येत नाही. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर सासूबाईंच्या गालावर लाल-पांढरे पट्टे.

२१ जूनचा सामना, फ्रान्सविरुद्ध. तिथल्या स्टेडियमची जुनी दर्शनी भिंत जपायची होती आणि खुर्च्या तर वाढवायला हव्या होत्या. म्हणून दोन्ही गोलांच्या मागे छपराच्या बाहेर, उघड्यावर, लोखंडी सांगाड्याचे तात्पुरते उंच स्टँड उभारले होते. आमच्या जागा नेमक्या तिथे. सासूबाई 'राम राम' म्हणत चढल्या आणि वर गेल्यावर म्हणाल्या, "इथून मैदान दिसतं, म्हणजे आपण बाहेर नाही ना?" फ्रान्सच्या एम्बापेने गोल केला, १९ वर्षांचं पोरगं तेव्हा. पेरू हरला आणि स्पर्धेबाहेर गेला. आमचा पेरूवाला रडायला लागला तशा सासूबाईही. का, ते त्यांना आजही सांगता येत नाही.

आता खरी गंमत. परतीच्या गाडीला आम्ही धावत, घामाघूम होऊन स्टेशनवर पोचलो. वीस मिनिटं उरलेली. वर घड्याळात पाहिलं तर दोन तास वीस मिनिटं! तेव्हा अख्ख्या रशियात रेल्वे मॉस्कोच्या वेळेवर चालायची. स्टेशनची घड्याळंसुद्धा मॉस्कोची, आणि येकातेरिनबुर्ग मॉस्कोच्या दोन तास पुढे. ह्यांनी तिकिटावरची वेळ स्थानिक समजली होती. त्या दोन तासांत फलाटावर हरलेल्या संघाचे लोक जे गात होते, ते सामन्यापेक्षा जास्त लक्षात आहे. (ऑगस्ट २०१८पासून रेल्वेने स्थानिक वेळ सुरू केली. आमची सहल संपल्यावर.)

पाचव्याचं काय ते मला सांगता येणार नाही. आम्ही तिघंच होतो.

चाफेकळी :
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). "म्हणजे आपण बाहेर नाही ना" 😂 सासूबाईंना दंडवत सांगा.

रडका_गोलकीपर :
मी उलट बोलणार आहे. फेकायचे ते दगड फेका.

टीव्हीवर बघा हो. रिप्ले दिसतो, कोण धावतंय ते कळतं, शौचालय दहा पावलांवर असतं. मीही २०१८ला गेलो होतो. सेंट पीटर्सबर्ग, २२ जून, ब्राझील-कोस्टा रिका. सोबत बायको आणि दोन मुलं, धाकटा ६ वर्षांचा. ८५व्या मिनिटापर्यंत ०-०. धाकट्याने भोकाड पसरलेलं. मी हिशेब केला : साठ हजारांवर माणसं, पुढे तो लांबलचक पूल, मग मेट्रो. म्हटलं आत्ता निघालो तर सुटलो. ८८व्या मिनिटाला उठलो.

कुटिन्यो ९०+१. नेमार ९०+७.

पहिल्या गोलाला आम्ही जिन्यात होतो, दुसऱ्याला बाहेर. आवाज ऐकला, स्टेडियम हललेलं कळलं. थोरला आता २० वर्षांचा आहे. तो मला अजूनही 'बाबा, निघूया का?' असं विचारतो, कुठेही. लग्नसमारंभातसुद्धा.

रेल्वेवेडी :
@रडका_गोलकीपर, आता आयडीचा अर्थ लागला.

वाचनमात्र :
एक भाबडा प्रश्न. ऑफसाइड म्हणजे नेमकं काय?

उंडगा :
@वाचनमात्र, त्यासाठी वेगळा धागा काढा. मागच्या वेळी इथे काढला होता तेव्हा चार आयडी कायमचे सोडून गेले.

वाळवंटी_कावळा :
मी कामानिमित्त कतारला, दोहात होतो, म्हणून २०२२चं सांगतो. ते जे होतं ते पुन्हा होणे नाही. आठ स्टेडियम आणि सगळ्यांत लांबच्या दोघांमधलं अंतर साधारण ७५ किलोमीटर. गटसाखळीत बहुतेक दिवस चार-चार सामने, दुपारी १ ते रात्री १०. एका दिवसात दोन सामने आम्ही आरामात केले. 'हय्या' कार्ड (प्रेक्षकांचं ओळखपत्र) दाखवलं की मेट्रो-बस फुकट. फक्त अल बैतला मेट्रो जात नव्हती, लुसैलपर्यंत मेट्रो आणि पुढे बस.

माझे आईवडील आणि बहिणीचं कुटुंब येऊन राहिलं होतं. बाबांना सगळ्यांत त्रास कशाचा झाला असेल? उन्हाचा नव्हे, थंडीचा. स्टेडियममध्ये खुर्च्यांच्या खालून गार हवा सोडायचे. ७० वर्षांचा माणूस वाळवंटात बसून मफलर मागतोय! त्यामुळे त्यांचं आवडतं मैदान एकच, ९७४. मालवाहू कंटेनरांचं, एसी नसलेलं. (९७४ हा कतारचा फोन कोड. कंटेनरही तेवढेच लावले होते.)

भाची तेव्हा ९ वर्षांची, तुमच्या मुलीसारखीच. पहिल्या दोन सामन्यांना पुस्तक वाचत बसली. तिसरा होता जपान-जर्मनी, २३ नोव्हेंबर. जपान मागून येऊन २-१ जिंकला. लोक निघाले, तर जपानी पाठीराखे निळ्या पिशव्या काढून कचरा गोळा करायला लागले. ही त्यांच्यात घुसली. आम्ही पाऊण तास थांबलो. तिला आजही कोण जिंकलं विचारलं तर आठवायला वेळ लागतो. पण ती पिशवी तिने घडी घालून ठेवली आहे.

आणि आईला मोरोक्को. सामना संपला की त्यांचे खेळाडू स्टँडमध्ये आपापल्या आईला शोधत जायचे. पोर्तुगालला हरवल्यावर त्यांचा बुफाल तर स्वतःच्या आईला मैदानावर आणून तिच्यासोबत नाचला. आमच्या मातोश्री तेव्हापासून 'मोरोक्कोचा सामना आहे का?' एवढंच विचारतात. 'तू मला कधी असं नेलंस?' हेही विचारतात.

पण भवानीताई, कतारचा अनुभव तुम्हाला कामाचा नाही. यंदा सगळं उलटं आहे. मेक्सिको सिटी ते डॅलस दीड हजार किलोमीटर, आणि हे त्यातल्या त्यात जवळचं.

टेक्साससखी :
डॅलसबद्दल लिहिते, मी इथलीच.

पहिली गोष्ट, सामना डॅलसमध्ये नाही. स्टेडियम आर्लिंग्टनला आहे, डॅलस आणि फोर्ट वर्थच्या मधोमध. आर्लिंग्टन हे मेट्रो नसलेलं, नेहमीच्या सिटी बसही नसलेलं मोठं शहर म्हणून अमेरिकेत प्रसिद्ध आहे. 'स्टेशनवर उतरू आणि चालत जाऊ' हे डोक्यातून काढा. विश्वचषकासाठी खास बसची व्यवस्था करतायत, ती जायच्या आधी नीट वाचा, नाहीतर गाडी आणि पार्किंग आधीच ठरवा. अण्णांना घेऊन रस्त्याने चालायचं नाही. जूनमध्ये इथे ३५ अंश म्हणजे बरा दिवस.

स्टेडियमला छत आहे आणि आत एसी. (वाळवंटी_कावळा यांच्या बाबांचा मफलर घ्या.) बॅग पारदर्शकच लागते, पर्सला काय म्हणायचं ते दारावरचा माणूस ठरवतो. अण्णांची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह वेगळ्या पिशवीत ठेवा.

आणि तिकिटं मोबाइलवर असतात. सगळी एकाच फोनवर ठेवू नका! मागे एका मोठ्या सामन्याला आमची चारही तिकिटं नवऱ्याच्या फोनवर होती आणि फोन दारातच मान टाकून मोकळा झाला. मी, तो आणि दोन रडणारी मुलं एका अनोळखी आजोबांच्या पॉवर बँकभोवती वीस मिनिटं उभे होतो.

भटकभवानी :
सगळ्यांचे आभार! आर्लिंग्टनचं माहीतच नव्हतं, नवरा हॉटेल 'स्टेशनजवळ' शोधत बसला होता.

अण्णांना धागा वाचून दाखवते आहे. ८८व्या मिनिटावर इतके हसले की ठसका लागला.

जुनापुराणा :
मंडळी, लांबच्या प्रवासाच्या गप्पा चालल्यात म्हणून थोडं अवांतर.

१९३०चा पहिला विश्वचषक उरुग्वेत झाला. युरोपातून फक्त चार संघ गेले, कारण बोटीने दोन आठवडे जाणं आणि तितकेच येणं. 'कोंते व्हेर्दे' नावाचं इटालियन जहाज जिनोआहून निघालं. त्यावर रुमानिया, पुढे फ्रान्स चढला, बार्सिलोनाला बेल्जियम. फिफाचे अध्यक्ष झूल रिमे त्याच बोटीवर, सामानात चषक घेऊन. वाटेत रिओला ब्राझीलचा संघही चढला. म्हणजे एकाच चषकासाठी खेळणारे चार संघ एकाच डेकवर व्यायाम करत निघालेत! युगोस्लाव्हिया वेगळ्या बोटीने गेला. इजिप्तची बोट वादळामुळे चुकली आणि त्यांचा विश्वचषकच बुडाला.

तुम्ही विमानात २० तास बसायची काळजी करताय.

गोलपोस्ट :
@जुनापुराणा, वा. आणि १९५०चा भारत? पायात बूट नाहीत म्हणून फिफाने खेळू दिलं नाही, तीच ना गोष्ट?

जुनापुराणा :
नाही हो! ही आख्यायिका काही केल्या मरत नाही. गटातले बाकीचे संघ हटले म्हणून भारत ब्राझीलसाठी पात्र ठरला होता. प्रवासखर्चाचा मोठा भाग यजमान उचलायला तयार होते. तरी गेलो नाही. अनवाणी खेळण्याचा मुद्दा नंतर चिकटला. लांबचा सागरी प्रवास, सरावाला वेळ नाही, निवडीचे वाद अशी बरीच कारणं सांगितली जातात. पण संघाचे कर्णधार शैलेन मन्ना यांनी पुढे सांगितलं ते सरळ होतं : आपल्या संघटनेला विश्वचषकाचं महत्त्वच वाटलं नव्हतं, ऑलिंपिक तेवढं मोठं वाटायचं.

गोलपोस्ट :
पण १९४८च्या लंडन ऑलिंपिकला बरेच जण अनवाणी खेळले होते, हे तर खरं?

जुनापुराणा :
ते खरं. फ्रान्सकडून २-१ हरलो, दोन पेनल्टी वाया घालवून. पण त्याचा १९५०शी संबंध नाही. दोन खऱ्या गोष्टी जोडून तिसरी खोटी तयार झाली आहे.

चाफेकळी :
म्हणजे आपल्याकडे 'जावं की नको' या चर्चेत न जाण्याची परंपरा १९५०पासून आहे. भवानी, परंपरा मोड.

मधली_सुट्टी :
मुलीबद्दल लिहायचं होतं. सगळे मेस्सी-मॅराडोनात अडकलेत, ८ वर्षांच्या पोरीचा मुद्दा बाजूलाच.

माझ्या दोन्ही मुलींना फुटबॉल आवडायचा नाही, कारण त्यांनी फक्त पुरुषांचा पाहिला होता. २०२३ला महिला विश्वचषकासाठी ऑस्ट्रेलियाला गेलो. १२ ऑगस्टला ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलिया-फ्रान्स, ०-०, मग पेनल्टी. मारतायत, हुकतायत, मारतायत... २० पेनल्टी झाल्या! विश्वचषकातलं सगळ्यांत लांबलेलं पेनल्टी शूटआउट. शेवटी कॉर्टनी व्हाइनने मारली आणि ७-६. माझी धाकटी माझ्या दंडाला धरून बसली होती, दुसऱ्या दिवशी तिथे पाच बोटं उमटली होती. गर्दी तुफान, पण धक्काबुक्की नाही, दारूडे नाहीत, आमच्यासारख्या लेकुरवाळ्याच जास्त.

२०२७चा महिला विश्वचषक ब्राझीलमध्ये आहे. यंदा चौघंच गेलात तर पुढच्या वर्षी मुलीला तिकडे न्या, आणि तेव्हा दादाला घरी ठेवा. फिट्टंफाट.

रडका_गोलकीपर :
@मधली_सुट्टी, ही सूचना मात्र मला टीव्हीपेक्षाही पटली.

डोंगरदऱ्या :
अण्णांसाठी. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून साधारण २,२४० मीटर उंचावर आहे. मी ट्रेकवाला आहे, डॉक्टर नाही, पण इतक्या उंचीवर पहिले दोन दिवस जिना चढताना धाप लागते, डोकं जड होतं, झोप नीट लागत नाही. १७चा सामना असेल तर १४लाच पोचा. पहिल्या दिवशी काही बघायला जाऊ नका, पाणी भरपूर प्या. रक्तदाब किंवा हृदयाचं औषध चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोलाच. जून तिथे पावसाळा, दुपारनंतर सर येते. रेनकोट घ्या, छत्री आत नेऊ देतील या भरवशावर राहू नका.

अझ्टेकाला जायला मेट्रोने तास्केन्या, तिथून 'त्रेन लिहेरो' म्हणजे हलकी रेल्वे, स्टेडियमच्या नावाचंच स्टेशन आहे. सामन्याच्या दिवशी तुडुंब असणार. परतताना घाईघाईने उठू नका (८८व्या मिनिटाला तर नकोच), अर्धा तास बसून राहा.

आणि अण्णांना सांगा, १९७०चा अंतिम सामनाही तिथेच झाला. पेले आणि मॅराडोना दोघांनीही विश्वचषक याच मैदानावर जिंकला. तीन विश्वचषकांचे सामने भरवणारं हे जगातलं पहिलंच स्टेडियम. सामना उझबेकिस्तानचा असला म्हणून काय झालं.

भटकभवानी :
अण्णा म्हणतात, १९७० त्यांना माहीत आहे, 'त्या मुलाने आधी अभ्यास करावा आणि मग मला सांगावं.' 🙏 राग मानू नका, खूश आहेत.

डोंगरदऱ्या :
बासष्ट वर्षांनी मला कोणी 'मुलगा' म्हटलं. अण्णांना नमस्कार.

एक_डाव_भुताचा :
पाचव्या माणसाकडे येऊ का? धागा दोन पानं झाला, मूळ प्रश्न गोलपोस्टच्या बाहेरच.

पर्याय दोन. एक, फिफाच्याच पुनर्विक्रीच्या जागेवरून एक सुटं तिकीट घ्यायचं. विकणाऱ्याकडून १५ टक्के आणि घेणाऱ्याकडून १५ टक्के असा दोन्हीकडून कट घेतात, आणि किंमत विकणारा ठरवतो. उझबेकिस्तानचं परवडेल कदाचित, मेस्सीचं विसरा. शिवाय जागा भलतीकडे, त्यामुळे तिथे मोठ्या माणसालाच बसवावं लागेल. बाहेर कुणी अनोळखी माणूस तिकीट देतो म्हणाला तर लांब राहा.

दोन, पाचव्याने बाहेर थांबायचं. हे वाटतं तितकं वाईट नाही. २०२४च्या युरोला (युरोपातल्या देशांची स्पर्धा) जर्मनीत आम्हालाही एक तिकीट कमी होतं. गेल्सेनकिर्खेन, जॉर्जिया-पोर्तुगाल. बायको म्हणाली मी बाहेर थांबते. आम्ही आत तणावात, पोर्तुगालचे शर्ट घालून. जॉर्जिया २-० जिंकली. बाहेर येऊन पाहतो तर बायको एका जॉर्जियन कुटुंबाच्या वर्तुळात हातात हात घालून नाचतेय. आम्ही तिघे रोनाल्डोचं नाव पाठीवर घेऊन बाजूला उभे. त्यांनी आमचे फोटोसुद्धा काढले नाहीत.

मेक्सिको सिटीत सोकालो या मुख्य चौकात मोठ्या पडद्यावर सामने दाखवणार आहेत, तिकडे प्रवेश फुकट.

चाफेकळी :
पण बाहेर थांबणारी नेहमी बायकोच का?

एक_डाव_भुताचा :
@चाफेकळी, पकडलंत. तेव्हा विचारही केला नव्हता.

वाचनमात्र :
मी सगळे प्रतिसाद पुन्हा वाचले. पाचवी म्हणून मुलगी झाली, ताई स्वतः झाल्या, अण्णा आणि नातू असे दोघंच झाले. नवऱ्याचं नाव कोणीच घेतलं नाही. का?

(ऑफसाइड अजून कळलेलं नाही.)

उंडगा :
@वाचनमात्र, ज्याने सोडत जिंकली त्यालाच बाहेर बसवायचं? काळीज आहे की नाही?

भटकभवानी :
ताजी खबर. काल जेवताना मुलीला विचारलं. तुझं काय म्हणणं? तिने विचारलं, उझबेकिस्तान कोण? दादा म्हणाला, पहिल्यांदाच आलेत विश्वचषकात. ती म्हणाली, "म्हणजे त्यांना तिथे कोणी ओळखत नसेल. मग मी त्यांच्या बाजूने. मला अझ्टेका पाहिजे, मेस्सी नको."

दोन सेकंद सगळे गप्प. मग अण्णांनी नकाशा तिच्यासमोर सरकवला.

तर १७ जूनला अण्णा, मुलगा, मुलगी हे तिघं नक्की. चौथी जागा माझी की नवऱ्याची? मी म्हटलं तू जा. तो काहीच बोलला नाही, उठून लॅपटॉप घेऊन बसला.

सव्विसावा :
नमस्कार. आजच सदस्यत्व घेतलं. मी भटकभवानी यांचा नवरा. लॅपटॉपवर हेच करत होतो. संघात २६ जण निवडतात आणि मैदानात ११ उतरतात, त्यावरून आयडी.

१७ जूनला मी बाहेर. हा त्याग वगैरे नाही, कृपया कोणी दंडवत घालू नये. अझ्टेकाच्या वरच्या मजल्यावर बसायच्या विचारानेच मला गरगरतं. घरी कोणालाही माहीत नाही, पण पाळण्यात बसायचं टाळण्यासाठी आजवर तीन वेळा पोट बिघडल्याचं नाटक केलंय. आता माहीत झालं. अण्णांची सोबत ही माझ्यापेक्षा बरी करते, त्यांच्या गोळ्यांच्या वेळाही तिलाच पाठ आहेत. मी सोकालोवर पडदा बघेन. रिप्ले दिसेल. (रडका_गोलकीपर, आपलं जमेल.)

२२ जूनला मात्र मी आत. मेस्सी आहे.

भटकभवानी :
२२ला मी हॉटेलवर. एसी लावून दोन तास झोपणार आहे, कोणी उठवायचं नाही. मुलगी माझ्याजवळ थांबते म्हणतेय, म्हणजे तिथे तीनच लागतील आणि एक तिकीट उरेल. आणि 'पोट बिघडलं' या विषयावर आपण घरी बोलू.

गोलपोस्ट :
उरलेलं परत विकायचं तर फिफाच्याच जागेवर. १५ टक्के विसरू नका.

व्हिसाच्या मुलाखतीची तारीख घेतली का??

सव्विसावा :
नाही. घेतो.

गोलपोस्ट :
अहो!!

उंडगा :
चौथं तिकीट आहे म्हणता? मला ऑफसाइड येतं. वाचनमात्र यांनाही वाटेत शिकवीन.

वाचनमात्र :
मी येतो. पॉवर बँक आणतो.